खांबापासून खांबापर्यंत

सोम. ३ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी संपली, पोरं अजून सुट्टीतच आहेत. ७ ब ला गतीचा धडा सुरू केला. फळ्यावर लिहिलं: वेग = अंतर भागिले वेळ. सगळ्यांनी उतरवून घेतलं. एक गाडी दोन तासांत ऐंशी किमी जाते, वेग किती? अख्खा वर्ग हात वर. चाळीस!

मग सहज विचारलं, बरं, ताशी चाळीस दिसायला कसं असतं? त्या गाडीमागे कुत्रं लागलं तर गाठेल का?

कबीर म्हणाला, "मॅडम, चालीस मतलब एकदम स्लो." मागून कुणीतरी, "नहीं यार, फास्ट." आणि रेवा जाधव (७ ब मध्ये माझ्याशी मराठीत बोलणारी ही एकटीच) म्हणाली, "मॅडम, मतलब आपण रोज गाडीत बसून येतो आणि आपल्याला माहीतच नाही."

माहीत नाहीच. मला तरी कुठे माहीत आहे? गणितं शेकड्यांनी सोडवली. वेग मोजला कधी नाही.


मंगळ. ४

मधल्या सुट्टीत शाळेच्या गच्चीवर जाऊन उभी राहिले. तिथून खंडवा रोडचा सरळ तुकडा दिसतो, अगदी समोर विजेचे दोन खांब. आपल्या बाजूची लेन झाडाआड जात नाही. गेट बरंच पुढे, त्यामुळे गाड्या इथे अजून पूर्ण वेगात असतात. कठडा उंच आहे, पोरांना भीती नाही. इथूनच मोजायचं.

घरी नवऱ्याला, संजयला सांगितलं. म्हणे, "आता तू ट्रॅफिक पोलीस होणार?" पण उद्याच्या सुट्टीत टेपचं दुसरं टोक धरायला तयार झाला.


बुध. ५. गुरुनानक जयंतीची सुट्टी

मी आणि संजय, लांब टेप, रस्त्याची कड. एक ट्रॅक्टरवाला सिमरोलकडे जाता जाता थांबला, संजयला म्हणाला, "भिया, रोड फिर चौड़ी हो रही क्या? किसकी जमीन जा रही?" त्याला सांगितलं, शाळेचा प्रयोग आहे. पटलं नाही त्याला. थोडं पुढे जाऊन परत वळून बघत होता.

खांबापासून खांबापर्यंत पन्नास मीटरला चार बोटं कमी. पन्नास धरायचे.


गुरु. ६

आज गच्ची. काय मजा आली!

नियम केला: आधी प्रत्येकाने अंदाज सांगायचा, मग स्टॉपवॉच. ट्रॅक्टर धडधडत आला, पोरांचा अंदाज पन्नास. निघाला अठरा. मग एक पांढरी कार आली, आवाज जवळजवळ नाहीच. अंदाज चाळीस. निघाली ब्याण्णव! पोरांचा विश्वासच बसेना, तीन जणांनी भागाकार परत केला. दुधाचे कॅन लावलेली मोटरसायकल बावन्न. एका मुलीने वहीत लिहिलं, 'शोर से स्पीड नहीं पता चलती.' माझ्या डोक्यात हे कधी आलं नव्हतं.

कबीरचा प्रश्न: पलीकडच्या लेनमधली गाडी मोजली तर? उत्तर त्यानेच शोधलं, वरून तिरकं दिसतं म्हणून तिथे पन्नासपेक्षा जास्त अंतर पडतं. खूष झाला स्वतःवर.

गृहपाठ: ताशी ४० ने जाणाऱ्या गाडीला आपले दोन खांब ओलांडायला किती वेळ?


शुक्र. ७

गृहपाठाचं उत्तर साडेचार सेकंद. म्हणजे साडेचारपेक्षा कमी वेळ लागला की गाडी चाळीसच्या वर. पोरांनी स्वतःच ठरवलं की आज शाळेच्या बसेस मोजायच्या. प्रत्येक बसच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय ना, गती सीमा ४०.

आमच्या बसेस सकाळी दोन फेऱ्या करतात. पहिल्या फेरीत मोठी मुलं येतात. त्यांना सोडून बस परत शहरात जाते आणि नऊच्या घंटेला नर्सरी-केजीची पिल्लं घेऊन येते. ही दुसरी फेरी आमच्या तासात गच्चीवरून दिसते.

दोन स्टॉपवॉच. एक कबीरकडे, एक रेवाकडे. दोघांचं छान जुळत होतं, एखाद्या दशांशाचा फरक. बस नं. ४ आली तेव्हा कबीर ३.१, रेवा ४.५.

मी म्हटलं, डोळ्यांनी बघून बोट दाबेपर्यंत वेळ जातो, असा फरक पडतो. वर्गाने मान्य केलं. नं. ४ चा आकडा सोडून दिला.

नं. ४ रेवाचे वडील चालवतात.


रवि. ९

जेवणाच्या टेबलावर सगळ्या नोंदी पसरून बसले. रेवाचा हात वर्गात सगळ्यात स्थिर. ट्रक, कार, बाकीच्या बसेस, कुठेही दोन दशांशाच्या वर चूक नाही. एकाच ठिकाणी सव्वा सेकंदाच्या वर फरक. आणि तिथे आकडाही कोणता? साडेचार. बरोब्बर चाळीस.

संजय म्हणाला, "हुशार आहे पोरगी."

हुशार आहे. पण कबीरचा ३.१ खरा असेल तर ती बस अठ्ठावन्नने येत होती. आत केजीची मुलं.


सोम. १०

बोट नको, म्हणून मोबाइलवर व्हिडिओ घेतला. एका सेकंदात तीस फ्रेम, खांबापासून खांबापर्यंत फ्रेमा मोजायच्या. पोरांना ही युक्ती भयंकर आवडली. मी मात्र पुढचा विचार केलाच नव्हता. म्हणजे आकडा निघेल, तो सगळ्यांसमोर निघेल, आणि...

पाच बसेसपैकी तीन चाळीसच्या वर. नं. ४, त्र्याण्णव फ्रेमा. अठ्ठावन्न. सगळ्यात जास्त.

कबीर ओरडला, "अट्ठावन! रेवा के पापा तो हाईवे के राजा निकले!" वर्ग हसला. वाईट मनाने नाही, पण हसला. रेवाने स्टॉपवॉच आणून माझ्या हातात ठेवलं, खाली गेली. मी वर्गाला गप्प केलं. उशीर झाला होता.


मंगळ. ११

रेवा आली नाही.

सकाळी गेटजवळ रेवाचे वडील, जाधव भिया (इथे भाऊ म्हणजे भिया), बसमधून उतरून माझ्याकडे आले. सडसडीत माणूस, नेहमी इस्त्रीचा शर्ट. "मॅडम, पोरीनं काल जेवण नाही केलं. वरून आमच्या गाड्या मोजता म्हणे?"

"हो."

"मोजा. मोजायलाच पाहिजे." मग, "टाइम कमी पडतो, मॅडम. बस एवढंच."

मी म्हटलं, "जाधव भिया, आत चार वर्षांची मुलं असतात."

"मला माहीत नाही का?" असं म्हणाले आणि मान वळवली. तेवढ्यात ट्रान्सपोर्ट बघणारे वर्मा सर घड्याळ दाखवत हाक मारायला लागले, ते पळतच बसमध्ये चढले.

दिवसभर चिडचिड. त्यांच्यावर, माझ्यावर. टाइम कमी पडतो हे प्रत्येकच माणूस म्हणतो. मग तोंडावर सांगितल्यावर एवढा चेहरा का उतरावा?


बुध. १२

रेवा आली. मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दारात उभी.

"मॅडम, मी त्या दिवशी बटन उशिरा दाबलं होतं."

"माहीत आहे."

"मुद्दाम."

"तेही माहीत आहे. ये आत."

आली, पण बसली नाही. मला वाटलं रडेल. ती रडायला आलीच नव्हती, प्रश्न घेऊन आली होती. "पप्पा म्हणतात टाइम कमी आहे. मतलब किती कमी? ते सांगू नाही शकत. म्हणतात, कमी म्हणजे कमी. पण मॅडम, कमी पण मोजता येत असेल ना?"

दोन दिवस मी रागावत होते, विचारायला पाहिजे होतं ते हिने विचारलं.

वेग मोजला आम्ही. वेळ कुणी ठरवली ते बघितलंच नाही.


गुरु. १३

दोन तास अदलाबदल करून दुसऱ्या फेरीला नं. ४ मध्ये बसले. कारण सांगितलं, प्रयोगासाठी. वर्मा सरांनी भुवया उंचावल्या, हो म्हणाले.

साडेसातला निघालो. जाताना रिकामी बस, हायवे मोकळा, आणि जाधव भिया काटा चाळीसवर ठेवून. मी आहे म्हणून, दुसरं काय. भंवरकुआँपासून शहर सुरू. तिथून राजवाड्यापर्यंतचं सहा किमी अंतर, बाजार उघडायच्या आधीसुद्धा, अठरा मिनिटं. येतानाही तेवढीच.

पहिला स्टॉप राजवाड्याच्या मागे. एक आजोबा नातवाला कडेवरून उतरवायला तयार नाहीत, नातू कडेवरून उतरायला तयार नाही. पुढच्या स्टॉपला एकीची पाण्याची बाटली घरी राहिली, आई धावत वर गेली. मदतनीस ताई प्रत्येकाला उचलून सीटवर बसवते, बेल्ट लावते. सरासरी दीड मिनिट धरलं. असे सोळा स्टॉप. जाधव भिया एकदाही हॉर्न वाजवत नाहीत स्टॉपवर. एक मुलगा रोज त्यांना "ड्रायव्हर अंकल टाटा" म्हटल्याशिवाय बसतच नाही, तोही वेळ त्यात आला.

माझ्या मांडीवर एक चिमुरडी झोपून गेली. अठ्ठावन्न म्हणजे काय, ते तेव्हा कळलं मला.

येतानाही हायवेवर काटा चाळीसवरच. शाळेत पोचलो तर घंटा होऊन पंधरा मिनिटं झालेली. वर्मा सर गेटवर उभे. "जाधव, आज फिर? पूरी असेंबली निकल गई बच्चों की!" म्हणजे नेहमी उशीर झाला की हे असंच. जाधव भियांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.


शनि. १५

कुणाचंही नाव न घेता फळ्यावर मांडलं. साडेसात ते नऊ, नव्वद मिनिटं. जाऊन येऊन बेचाळीस किमी. वेग?

अठ्ठावीस. "बस?" वर्ग म्हणाला. "इतना तो सायकल वाला भी..."

रेवा उभी राहिली. "मॅडम, स्टॉप वजा करायला पाहिजेत. थांबलेली बस अंतर नाही कापत."

चोवीस मिनिटं गेली. मग शहराची बारा किमी आणि छत्तीस मिनिटं वजा. आता हायवेसाठी काय उरलं? कबीरला फळ्याजवळ बोलावलं. तीस किमी, तीस मिनिटं. त्याने साठ लिहिलं. खडू हातात धरून उभाच राहिला. मग वळून रेवाला म्हणाला, "यार, तेरे पापा तो दो कम चला रहे हैं."

कुणी हसलं नाही. रेवा खाली बघत होती, पण मान ताठ होती तिची.

सरासरी म्हणजे काय, हे मी आजवर उदाहरणांनी शिकवलं. अठ्ठावीसच्या पोटात साठ लपू शकतो हे आज मलाही नव्याने कळलं. आणि कागदावर अठ्ठावीस बघून कुणीतरी कधीतरी हे टाइमटेबल पास केलं असणार. त्यालाही ते साधंच वाटलं असेल.


सोम. १७

प्रिन्सिपल मॅडमकडे गेले, फळ्यावरचा हिशेब कागदावर घेऊन. त्यांनी नीट वाचला. वाईट बाई नाहीत त्या. म्हणाल्या, विज्ञान प्रदर्शनात ट्रक आणि कार दाखवा, बसेस काढून टाका, पालक घाबरतील. आणि वर्मा सरांना बोलावलं.

वर्मा सर म्हणाले, "सिंपल है मॅडम. ड्रायव्हर बदल देते हैं."

मी म्हटलं, ड्रायव्हर बदलला तरी भागाकार तोच राहील.

जरा जोरात बोलले बहुतेक. दोघंही माझ्याकडे बघायला लागले.


बुध. १९

जाधव भियांना 'काही दिवस आराम करा' सांगितलं. नं. ४ वर दुसराच माणूस.

हे माझ्यामुळे झालं. संजय म्हणतो, गप्प बसली असतीस आणि काही घडलं असतं तर? बरोबर आहे त्याचं. तरी ताट तसंच ठेवून उठले.

रेवा आज सिटी बसने आली. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "मॅडम, आज नवीन ड्रायव्हर आहे ना? मोजू या?"


शुक्र. २१

तीन दिवस मोजलं. स्टॉपवॉच रेवाच्या हातात, व्हिडिओ कबीरकडे, म्हणजे कुणी काही म्हणायला नको. नवा माणूस: अठ्ठावन्न, एकसष्ट, एकोणसाठ.

पोरांनी हा तक्ता माझ्याशिवाय केला, आणि माझ्याशिवायच प्रिन्सिपल मॅडमच्या ऑफिसात जाऊन दिला. मला शिपायाकडून कळलं. रेवा पुढे होती म्हणे. मॅडमनी विचारलं, तुम्हारे पापा ने भेजा? ती म्हणाली, नाही, पप्पांना तर माहीतच नाही, हमने सिर्फ ड्रायव्हर बदलके देखा, बाकी सब सेम रखा.

प्रयोग कसा करायचा हा धडा आठवीत आहे.


सोम. २४

आज तासाला प्रिन्सिपल मॅडम गच्चीवर. पोरं चिडीचूप. मॅडम म्हणाल्या, "एक घड़ी मुझे दो." कबीरने आपलं स्टॉपवॉच दिलं, कसं धरायचं ते शिकवलंही. नं. ४ आली. मॅडमनी दाबलं, परत दाबलं. ३.२. स्वतःच कागदावर भागाकार करत बसल्या, किमी ताशीमध्ये बदलताना अडल्या, एका मुलीने हळूच सांगितलं, "मॅम, ३.६ से गुणा."

छप्पन.

वरून खिडक्यांत केजीची डोकी दिसतात, लाल रिबिनी. मॅडम बस गेटमध्ये वळेपर्यंत बघत राहिल्या. मग "थैंक यू बच्चों" म्हणून खाली गेल्या.


गुरु. २७

नोटीस. केजीची घंटा उद्यापासून वीस मिनिटं पुढे, नऊ वीसला, फक्त पंधरा दिवस, ट्रायल म्हणून. जाधव भिया सोमवारपासून परत, 'फिलहाल'. वर्मा सर माझ्याशी बोलत नाहीत.

पालकांच्या ग्रुपवर गदारोळ. नोकरीवर जाणाऱ्या आयांना वीस मिनिटं म्हणजे केवढी अडचण, ते मलाही कळतं. एकीने लिहिलं, 'इतने साल कुछ नहीं हुआ.' खरं आहे. नाही झालं. कशामुळे नाही झालं ते मात्र कुणाला सांगता येणार नाही.


मंगळ. २ डिसेंबर

सकाळी जाधव भिया गेटवर भेटले. नमस्कार केला. "मॅडम, काल त्या टाटावाल्या पोराला विचारलं, आठवण आली का रे? म्हणे, कोण तुम्ही?" आणि हसायला लागले. त्यांना हसताना पहिल्यांदा बघितलं. मी माफीसारखं काहीतरी बोलायला लागले, ते म्हणाले, "राहू द्या. पोरगी घरी सगळ्यांना भागाकार शिकवते आता."

नोकरी पक्की आहे का, हे त्यांनी विचारलं नाही. मला सांगताही आलं नसतं.


शुक्र. १२

ट्रायल संपली. पाचही बसेस चाळीसच्या आतबाहेर, एखादा दिवस त्रेचाळीस. शाळेच्या ट्रस्टची मीटिंग उद्या. घंटा पुढेच राहणार की परत नऊला येणार, ते ठरेल, आणि नऊला आली तर मग जाधव भियांचं काय... मलाही बोलावलंय. पालकांतर्फे सात-आठ जण येणार, सगळे विरोधातले.

आज तास संपल्यावर रेवा थांबली. काल वडिलांच्या मागच्या सीटवर बसून पूर्ण रस्ताभर काटा बघत होती म्हणे.

"मॅडम, काट्याला तर खांब लागत नाहीत. तो ह्या क्षणाचा स्पीड दाखवतो."

"हो."

"पण एका क्षणात बस किती पुढे जाते?"

मी म्हटलं, क्षण अगदी छोटा धरला तर, जवळजवळ काहीच नाही.

"जवळजवळ नको मॅडम. एकच क्षण. अंतर शून्य, वेळ पण शून्य." दप्तराचा पट्टा दातात धरून विचार करत होती. "मग काटा चाळीसवर कसा काय?"

बस सुटायची वेळ झाली होती, धावत गेली.

मीटिंगमध्ये काय बोलायचं ते तयार आहे, कालच पाठ केलं. हिच्या प्रश्नावर मात्र संध्याकाळपासून कागद खराब करतेय. कॉलेजात शिकलेलं उत्तर आठवतंय, पण ते उत्तर आहे की नुसती रीत आहे, हे आता मलाच कळेनासं झालंय, आणि सातवीतल्या मुलीला ते सांगायचं म्हणजे आधी मलाच ते नव्याने शिकायला हवं.